मुंबईच्या सतरा खेपा

व्यापाऱ्याच्या घरात ‘खेप’ हा शब्द मालासाठी असतो. बार्शीहून वाशीच्या बाजारात डाळीचा ट्रक गेला, की वहीत एक खेप चढते. गेल्या दोन वर्षांत मात्र आमच्या वहीत मुंबईच्या अशा सतरा खेपा आहेत, की ज्यांत माल नव्हता. जाताना मी आणि माझा धाकटा मुलगा, येताना मी आणि माझा धाकटा मुलगा. सोबत एक पिशवी आणि क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट. त्याचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तो जोडण्यास एक दिवस लागला आणि पूर्ववत होण्यास दोन वर्षे. या काळात गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा मुंबईचा पट्टा आम्ही रुग्णाच्या वाटेने पाहिला. त्या वाटेवर जे दिसले आणि जे चुकले, ते समाजबांधवांसमोर मांडावे म्हणून हा लेख.

श्रावण वद्य अष्टमीचा दिवस होता. धाकटा बाजार समितीतून मोटारसायकलवर घरी येत होता. वळणावरच्या खडीवर चाक घसरले आणि तो हनुवटीवर आपटला. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून प्राण वाचले. परंतु ते अर्धे होते, हनुवटी उघडी ठेवणारे. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट त्याच दुकानात टांगलेले होते. दोन्हींच्या किमतीतला फरक पाहून अर्धे मीच निवडले होते. ही गोष्ट मी बरेच दिवस कोणाशी बोललो नाही.

खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो. पुढे आघात झाला, की त्याचा जोर मागे दोन्ही कानांपुढच्या सांध्यांकडे धावतो. त्यामुळे एक मोड उजव्या सुळ्याजवळ आणि दुसरी डाव्या कानापुढे, सांध्याच्या मानेत झाली. वरचा पुढचा एक दात मुळासकट निघून रस्त्यावर पडला, शेजारचा अर्धा तुटला. पडलेला दात कोणी सज्जनाने उचलून, पुसून, रुमालात बांधून दिला. त्यांचा हेतू चांगला होता. पण दात वाचण्याची थोडीफार जी आशा होती, ती त्या कोरड्या रुमालात संपली. निखळलेला पक्का दात मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये. शक्य असेल तर तेथेच खाचेत परत बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. मुळावर जे जिवंत तंतू असतात, ते सुकले की दात हाडाशी पूर्वीसारखा जुळत नाही. आपल्या घरांत दूध नसते असे कधी होत नाही. आम्हाला एवढे माहीत असते, तर कदाचित पुढच्या काही खेपा वाचल्या असत्या.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त थांबवले, जबड्याला पट्टी बांधली आणि मुंबईला जाण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही सी. पी. टँकच्या हिराबागेत उतरलो.

गिरगाव आणि भुलेश्वर जेथे एकमेकांत मिसळतात, तेथे कावसजी पटेलांच्या नावाचे तळे होते. तळे बुजले, नाव राहिले. या नाक्यावरची हिराबाग ही दिगंबर जैन धर्मशाळा शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांनी आपले वडील हिराचंद गुमानजी यांच्या स्मरणार्थ उभारली. भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटी १९०२ साली स्थापन झाली, तीही याच शेठजींच्या पुढाकाराने. पंडित नाथूराम प्रेमी यांचे हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय याच वास्तूत होते. लहानपणी जुन्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर ‘हिराबाग, गिरगाव, मुंबई’ एवढा पत्ता मी वाचला होता. त्या पत्त्यावर आपण सुजलेल्या तोंडाच्या मुलाला घेऊन येऊ, असे कधी वाटले नव्हते. मोत्यांचा व्यापार करणाऱ्या त्या शेठजींनी परगावच्या माणसाला मुंबईत पहिली गरज कशाची लागते, हे ओळखले होते. गाळलेले पाणी, सोवळे स्वयंपाकघर आणि जवळच मंदिर असले, की अर्धी भीती जाते.

तेथून मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय बसने थोड्या अंतरावर आहे. महानगरपालिकेची ही संस्था १९३३ पासून आहे. शेजारच्या नायर रुग्णालयाचे पूर्ण नाव ‘बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर धर्मादाय रुग्णालय’ असे आहे. डॉ. आनंद लक्ष्मण नायर यांनी ते आपल्या आईच्या नावाने सुरू केले. हिराबागेवर वडिलांचे नाव, येथे आईचे. मुंबईच्या या भागात रुग्ण एका घरातून निघून दुसऱ्या घरात जावा, तसा एका मातृपितृऋणातून दुसऱ्यात जातो.

केसपेपर काढून आम्ही बाकावर बसलो, तेव्हा प्रथम लक्षात आले की जबडा मोडलेला आपला मुलगा काही एकटा नाही. कोणी रेल्वेतून पडलेला, कोणी परातीवरून घसरलेला बांधकाम मजूर, कोणी क्रिकेटचा चेंडू लागलेला शाळकरी मुलगा. सर्वांच्या हातात तसेच मोठे पाकीट. वॉर्डातल्या मावशींनी धाकट्याकडे पाहून सांगितले, “बाळा, रडू नको. महिनाभरात पेज पितापिता कंटाळशील, तेवढंच.”

श्रावण वद्य द्वादशीला शस्त्रक्रिया झाली. सुळ्याजवळच्या मोडीवर टायटॅनियमच्या दोन पातळ पट्ट्या बारीक स्क्रूंनी बसवल्या. सांध्याजवळची मोड मात्र उघडली नाही. तेथून चेहऱ्याची हालचाल करणारी नस जाते. म्हणून वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसवून तारेने बांधले आणि हाडाला आपोआप जुळू दिले. दात पूर्वी जसे मिळत होते तसे मिळाले, तर हाडही बहुधा आपल्या जागी येते, हे या शास्त्राचे जुने सूत्र आहे. तीन आठवडे तारा, नंतर दोन आठवडे रबरे. रुग्णालयातून निघताना सिस्टरनी मला एक पक्कड दाखवून तशीच विकत घेण्यास सांगितले. उलटी झाली, श्वास कोंडला, तर तारा कोठे कापायच्या हे त्यांनी बोट ठेवून शिकवले. ती पक्कड तीन आठवडे मी उशाशी ठेवून झोपलो. एकदाही लागली नाही.

आता प्रश्न आहाराचा होता. रुग्णालयाच्या कागदावर बटाटा आणि गाजर यांचे सूप लिहिलेले. आमच्या घरी कंदमूळ वर्ज्य. आहारतज्ज्ञ बाईंना विचारताच त्या हसल्या आणि म्हणाल्या, “काका, येथे तुमच्यासारखे पुष्कळ येतात.” त्यांनी बटाट्याच्या जागी कच्चे केळे, गाजराच्या जागी लाल भोपळा लिहून दिला. मुगाचे दाट कढण, नाचणीचे सत्त्व, बदाम वाटून गाळलेले दूध, तूप घातलेली भाताची पेज. ताक मुगाबरोबर घ्यायचे नाही, ही द्विदलाची मर्यादाही पाळता आली. सर्व पदार्थ दोनदा गाळून मोठ्या सिरिंजला लावलेल्या रबरी नळीने गालाच्या आत, दाढांच्या मागच्या फटीत सोडायचे. एका वाटीला अर्धा तास लागे. तरीही तीन आठवड्यांत त्याचे सात किलो वजन उतरले.

रात्रिभोजनाचा नियम त्याने लहानपणापासून पाळलेला. सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधी तोंड बंद. पण ज्याला दिवसभरात पोटभर जात नाही, त्याने संध्याकाळी सहाच्या आत थांबावे तर भागणार कसे? डॉक्टरांनी रात्री औषध आणि पाणी अत्यावश्यक म्हणून सांगितले. चातुर्मासासाठी भुलेश्वरच्या मंदिरात आलेल्या महाराजांना मी विचारले. ते म्हणाले, “आजारी माणसाचे औषध हे भोजन नव्हे. नियम त्याला उभे करण्यासाठी आहे, पाडण्यासाठी नाही.” तेव्हापासून पाणी आणि औषध मोकळे झाले; पेज मात्र त्याने वेळेतच घेतली. संध्याकाळी आम्ही बाटल्या घेऊन गिरगाव चौपाटीवर जात असू. तेथे सूर्य समुद्रात बुडत नाही, मलबार हिलच्या मागे उतरतो, त्यामुळे डोळ्यांना अस्त लवकर झाल्यासारखा वाटतो. मी पंचांग आणि घड्याळ पाहून सांगे, “अजून बारा मिनिटे आहेत,” आणि तो ती बारा मिनिटे नळीतून पेज ओढत बसे. शेजारी भेळेच्या गाड्या आणि कणसांचा वास.

गणेशोत्सव आला. १८९३ पासून गणपती बसवणारी केशवजी नाईकांची चाळ जवळच. साऱ्या गिरगावात ढोल. त्याच दिवसांत आपले दशलक्षण पर्व सुरू झाले. पहिलाच दिवस उत्तम क्षमेचा. अनंत चतुर्दशीला चौपाटीवर विसर्जनाचा समुद्र लोटला आणि एक दिवसाआड क्षमावाणी आली. मंदिरात लोक एकमेकांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणत होते. धाकटा माझ्यासमोर उभा राहिला. दात बांधलेले, ओठ सुजलेले. शब्द दातांच्या भिंतीमागून पुसट आले. त्याने गाडी वेगात चालवल्याबद्दल क्षमा मागितली. मला उत्तर देता येईना. मग मी त्याला हेल्मेटची गोष्ट सांगितली. दोन्ही हेल्मेट, त्यांच्या किमती, मी केलेली निवड, सगळे. तो ऐकत राहिला. नंतर खिशातल्या वहीत त्याने लिहिले, “दुकानात मी पण होतो. मला पण अर्धेच आवडले होते, उकडत नाही म्हणून.” त्या वहीचे ते पान मी ठेवले आहे.

तारा सुटल्या, रबरे सुटली आणि आम्ही घरी पेढे वाटले. येथेच आमची मोठी चूक झाली. तारा सुटल्या म्हणजे मनुष्य बरा झाला, असे आम्हाला वाटले. त्याचे तोंड तेव्हा अवघे १७ मिलिमीटर उघडत होते. निरोगी माणसाचे चाळीसच्या आसपास, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी जातील एवढे उघडते. व्यायाम सांगितला होता, पुढच्या तारखा दिल्या होत्या. पण दिवाळीनंतर सोयाबीनची आवक, पाठोपाठ तूर. कार्तिक आणि मार्गशीर्षाच्या दोन्ही खेपा आम्ही चुकवल्या. पौष महिन्यात गेलो, तेव्हा तोंड १९ मिलिमीटरवर अडकलेले, चावताना जबडा डावीकडे सरकणारा आणि तुटक्या दाताच्या पलीकडचा दात करडा पडलेला. आघाताने त्याच्या आतली नस मेली होती. असे दात कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी रंग बदलतात, मुळाशी पू धरतात. म्हणून दाताला मार लागल्यावर काही वर्षे ठरावीक काळाने तपासणी आणि क्ष-किरण चित्र लागते. हे सारे त्या कागदावर छापलेले होते. तो कागद आमच्या दुकानाच्या गल्ल्यात पडून होता.

डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “काका, माल पोहोचवून वसुली न करता तुम्ही परत येता का?”

“नाही.”

“मग ऑपरेशनची वसुली का सोडलीत?”

त्यानंतर एकही तारीख चुकली नाही. पुढच्या खेपांत मुक्काम दादरला, हिंदू कॉलनीत राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे हलला. व्यायामाचे साधन अगदी साधे होते: आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या. दातांमध्ये मावतील तेवढ्या एकावर एक ठेवायच्या, काही मिनिटे धरायच्या, मग मधे आणखी एक सारायची. सुरुवात नऊ काड्यांनी झाली. दुखे, डोळ्यांत पाणी येई. आत्या समोर बसून मोजत असे. पहाटे दोघे फुलबाजारापर्यंत फिरून येत. पुलाखाली झेंडूचे ढीग, भिजलेली पोती, ओरडणारे व्यापारी. त्या गर्दीत कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही, म्हणून धाकट्याला ती जागा आवडे. बार्शीत प्रत्येक जण त्याच्या हनुवटीकडे पाहून बोले.

खालचा ओठ आणि हनुवटीचा उजवा भाग बधिर होता. जबड्याच्या हाडातून एक नस जाते. हाड मोडले की तीही दुखावते. दूध हनुवटीवरून ओघळे आणि त्याला कळत नसे. ही जाणीव परत येण्यास कित्येक महिने लागतात, कधी ती पूर्ण येतही नाही. एका सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वारा लागला आणि तो म्हणाला, “पप्पा, ओठाला मुंग्या आल्या.” ती मुंगी आम्ही सणासारखी साजरी केली. आज नाण्याएवढी एक जागा अजून बधिर आहे.

आठव्या खेपेला परळला जाण्याचे कारण पडले. आमच्या दुकानात वीस वर्षे पोती उतरवणारा हमाल टाटा रुग्णालयात होता. बार्शीचे आणि टाटा रुग्णालयाचे नाते जुने आहे. ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम त्यांच्या सहकार्याने आमच्याकडे १९८७ पासून चालते. तेथूनच त्याला पुढे पाठवले होते.

गिरण्यांचे परळ आता काचेच्या इमारतींचे झाले आहे, परंतु स्टेशनाबाहेर पडून के.ई.एम.च्या दिशेने चालू लागले, की हातात पाकिटे घेतलेली तीच माणसे भेटतात. के.ई.एम. आणि त्याचे महाविद्यालय १९२६ सालचे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीला अट होती, की येथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. समोर टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. आणि टाटा रुग्णालयाच्या परिसरात आपल्याच समाजातील हरखचंद सावला यांची जीवनज्योत ही संस्था कित्येक दशके रुग्ण आणि नातेवाइकांना जेवण पुरवत आली आहे. व्यापारी माणूस मनात आणले तर काय उभे करू शकतो, हे पाहायचे असेल त्याने या रस्त्यावर दुपारी एकदा उभे राहावे.

आमचा हमाल पदपथाच्या कडेला बसला होता. त्याच्या जबड्याची डावी बाजू काढून पायाच्या हाडाने नवी बनवली होती. तो बोलला ते मला कळले नाही. धाकट्याला कळले, कारण असे बोलणे त्याने स्वतः केले होते. दोघे बराच वेळ काड्यांविषयी बोलले. त्यालाही तोच व्यायाम दिला होता. मी गप्प होतो. गुटख्याच्या माळा आमच्या दुकानाच्या दाराला टांगलेल्या असत. २०१२ साली महाराष्ट्रात बंदी आली, तेव्हा आम्ही त्या काढल्या. पण तंबाखूच्या पुड्या राहिल्या. हमालीचे पैसे देताना सुट्टे नसले, तर मी त्याला पुडीच देत असे. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य सांगितले आहे. ते मी पाठ म्हणत आलो होतो. माझ्या मुलाचा जबडा एका क्षणात मोडला. याचा रोज थोडा थोडा मोडत गेला आणि त्याची उधारी आमच्या वहीत होती.

परतताना आम्ही लालबागेतून चाललो. चैत्राचे ऊन, मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांचे ढीग, भाजलेल्या धण्यांचा वास, डंकांचा ठोका. पलीकडे चिवडा गल्लीत गरम पोह्यांच्या परातीच पराती. माल पाहून भाव विचारल्याशिवाय मी कधी पुढे जात नाही. त्या दिवशी विचारला नाही. धाकटा एका दुकानासमोर थांबला, चिवड्याचा वास घेतला आणि पुढे चालू लागला. त्याला अजून कडक काही चावायची मुभा नव्हती. बार्शीला पोहोचल्यावर दुकानातल्या पुड्या आम्ही काढून टाकल्या. गिऱ्हाईक थोडे कमी झाले.

दहावी खेप हाड भरण्याची. दात पडलेल्या जागचे हाड महिनोन्महिने झिजत जाते. कृत्रिम मूळ बसवायचे तर आधी तेथे हाड हवे. येथे आपल्या समाजाने एक प्रश्न अवश्य विचारावा, असे मला वाटते. भरावासाठी वापरले जाणारे हाड चार प्रकारचे असते: रुग्णाच्याच शरीरातून घेतलेले, दुसऱ्या मनुष्याने दान केलेले, जनावराचे, बहुधा गायीबैलाचे, शुद्ध केलेले आणि प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे. वरून झाकण्याचा पातळ पडदाही पुष्कळदा गायीच्या किंवा डुकराच्या त्वचेपासून केलेला असतो. टाक्यांचा धागा रेशमी असू शकतो किंवा जनावराच्या आतड्याचा. कृत्रिम धागाही मिळतो. औषधाची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची. बऱ्याच औषधांत तिच्याऐवजी गोळी चालते. माझ्या आईने घरून निघतानाच विचारून ठेवण्यास सांगितले होते. मला संकोच वाटत होता. डॉक्टर मॅडमनी मात्र पाकिटावरचा मजकूर वाचून दाखवला, कशाचे फायदे-तोटे काय ते सांगितले आणि मुलाच्याच हनुवटीचे थोडे हाड कृत्रिम कणांत मिसळून वापरण्याचे ठरवले. फक्त हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर विचारायचा नसतो. तारीख ठरते त्या दिवशी विचारायचा.

मग सहा महिने वाट पाहणे. तेराव्या खेपेला टायटॅनियमचे मूळ बसले आणि पुन्हा चार महिने वाट पाहणे. टायटॅनियमला हाड असे घट्ट धरते, हे स्वीडनच्या ब्रनेमार्क यांना १९५०च्या दशकात सशांच्या हाडांवर प्रयोग करताना आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात अशी मुळे बसवली. त्या माणसाचा जबडा जन्मतःच सदोष होता. हे वाचले तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे सशांचे ऋण राहिलेच.” राहिलेच. अहिंसेचा हिशेब आपण जेवढा जुळवू तेवढा जुळतो, उरलेला बाकी म्हणून मान्य करावा लागतो.

हाडाला आपला भाव माहीत नसतो, हंगाम माहीत नसतो. पैसे जास्त मोजून त्याचे चार महिने तीन होत नाहीत. आयुष्यभर घाईने सौदे करणाऱ्या मला हे शिकायला मुंबईलाच जावे लागले.

सोळाव्या खेपेला दात बसला. दोन वर्षे पूर्ण होत असताना, पुन्हा श्रावणात, सतरावी खेप झाली. वीस काड्या दातांत राहिल्या, तोंड ४० मिलिमीटर उघडले. डॉक्टर मॅडमनी पाकीट मिटले आणि आता वर्षाने एकदा यायचे, म्हणून सांगितले. परत येताना वही काढून हिशेब मांडला. रुग्णालयाच्या पावत्या एकीकडे. प्रवास, मुक्काम, बुडालेले दिवस दुसरीकडे. दुसरा आकडा बराच मोठा होता. त्या बाकावर भेटलेले कितीतरी चेहरे मधेच दिसेनासे झाले होते. शस्त्रक्रियेसाठी त्यांना दाते मिळाले असतील. आठव्या, दहाव्या खेपेच्या तिकिटासाठी कोण देणार? आपल्या समाजाने रुग्णालये बांधली, धर्मशाळा बांधल्या, शस्त्रक्रियांना मदत केली. परत येत राहणाऱ्या रुग्णाकडे मात्र आपले लक्ष थोडे कमी आहे, कारण तो बरा झालेला दिसतो.

त्या संध्याकाळी आम्ही चौपाटीवर गेलो. सूर्य मलबार हिलकडे झुकला होता. मी घड्याळ पाहिले. वीस मिनिटे होती. धाकट्याने फुटाण्यांची पुडी घेतली. पहिला फुटाणा त्याने नव्या दाताला न लावता दाढेखाली घेतला आणि सावकाश फोडला. आवाज मला ऐकू आला. पुडी संपेपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

या दिवाळीला वहीपूजनात एक नवे खाते उघडले आहे. त्यावर ‘परतीची खेप’ असे लिहिले आहे. बार्शी तालुक्यातील ज्या रुग्णाला मुंबईची पुढची तारीख दिलेली आहे, त्याचे तिकीट आणि मुक्काम त्यातून जातो. तारखेच्या आठ दिवस आधी धाकटा त्याला फोन करतो. पहिली नोंद आमच्या हमालाच्या नावे आहे.